डाव्या टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा एफएमआरआय: भाषेची जागा त्यातून किती खात्रीने कळते?

प्रश्न: नादब्रह्म_पुणे

नमस्कार. माझा मोठा भाऊ कीर्तनकार आहे. सदाशिव पेठेतील नारद मंदिरात त्याने कीर्तनाचे शिक्षण घेतले आणि गेली अनेक वर्षे तो पुण्यात व आसपासच्या गावांत कीर्तने करतो. लहानपणी तापात त्याला बराच वेळ टिकलेली एक फिट आली होती. त्यानंतर बरीच वर्षे काही त्रास नव्हता. महाविद्यालयात असताना अपस्मार सुरू झाला. फिट येण्याआधी पोटातून काहीतरी वर चढत असल्यासारखे त्याला वाटते, मग नजर एका जागी स्थिरावते, तोंडाची चघळल्यासारखी हालचाल होते, आणि भानावर आल्यावरही काही मिनिटे त्याला शब्द सापडत नाहीत. आपण काय बोलतो ते त्याला कळत असते, पण उत्तर देता येत नाही.

दोनपेक्षा जास्त औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही फिट थांबलेल्या नाहीत. व्हिडिओ ईईजी (मेंदूतील विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत चित्रण) आणि एमआरआय झाल्यावर डाव्या टेम्पोरल लोबमधला, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातला, हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी संबंधित भाग आकसलेला असून फिटचा उगम तेथेच असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे. त्यापूर्वी भाषेसाठी एफएमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते दाखवणारा एमआरआय) करायचा आहे, आणि गरज वाटल्यास वाडा चाचणीही (औषधाने मेंदूची एक बाजू काही मिनिटे निष्क्रिय करून भाषा तपासण्याची चाचणी) करावी लागेल, असे ते म्हणाले.

माझ्या शंका अशा आहेत. भाषेची नेमकी जागा या तपासणीत दिसते का, आणि दिसली तर सर्जन तेवढी जागा सोडून बाकीचे काढतात का? दादा जन्मतः डावखुरा आहे, पण घरी आणि शाळेत त्याला उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला लावले. चेंडू मात्र तो आजही डाव्याच हाताने फेकतो. अर्जात ‘उजवा हात’ असे लिहिले गेले आहे, त्याने काही बिघडते का? चाचणी मराठीत होते की इंग्रजीत? त्याचे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. आणि एफएमआरआय केल्यावर वाडा चाचणी टाळता येते का?

दादाची भीती वेगळीच आहे. निरूपण कसेही सावरून नेता येईल, पण उत्तररंगात आख्यान ऐन रंगात आले असताना पात्राचे नावच ओठांवर आले नाही तर काय करायचे, असे तो विचारतो. याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलेले नाही.

उत्तर: प्रतिमा_विभाग

ताई, मी पुण्यातच एमआरआय विभागात काम करतो आणि अशा तपासण्यांचे अहवाल लिहिणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या पहिल्या शंकेत दोन प्रश्न एकत्र आले आहेत. भाषा मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे, हा एक. आणि कोणता भाग काढला असता भाषेला धोका पोचणार नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एफएमआरआय बहुतेक वेळा चांगले देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याकडून मागू नये, आणि नेमकी हीच गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना पुरेशी समजावून सांगितली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हे यंत्र मेंदूतील पेशींचे काम थेट पाहत नाही. काम करणाऱ्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, तेथील रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बदलते आणि त्यामुळे चुंबकीय संकेतात अगदी थोडा फरक पडतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. सारी पद्धत त्यावर उभी आहे. हा प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो आणि फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो, म्हणून रुग्णाला अर्धा मिनिट शब्द शोधायला आणि अर्धा मिनिट विश्रांती घ्यायला सांगून तोच क्रम पुन्हा पुन्हा करावा लागतो. पडद्यावर दिसणारा रंगीत डाग हा या दोन अवस्थांमधील फरकाचा हिशेब असतो. हिशेबाची मर्यादा किती कडक ठेवायची हे आम्ही ठरवतो. ती थोडी सैल केली की सुपारीएवढा डाग लिंबाएवढा होतो. रुग्ण तोच, भाषा तीच. म्हणून डागाची कड ही कापण्याची रेषा मानून कोणताही जाणता सर्जन शस्त्रक्रिया करत नाही.

दुसरी अडचण आपल्या भावाच्या बाबतीत थेट लागू पडते. ज्या ठिकाणी हवा आणि हाड मेंदूला अगदी लागून असतात, म्हणजे सायनसच्या वर आणि कानाच्या हाडाजवळ, तेथे एफएमआरआयचा संकेत क्षीण होतो किंवा पूर्ण नाहीसा होतो. टेम्पोरल लोबचा खालचा आणि पुढचा भाग नेमका याच पट्ट्यात येतो, आणि या शस्त्रक्रियेत काढला जाणारा भागही हाच. तेथे डाग दिसला नाही याचा अर्थ तेथे भाषेचे काही काम चालत नाही, असा घेता येत नाही. टेम्पोरल लोबच्या खालच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य प्रवाह दिल्यावर रुग्णांना वस्तूंची नावे सांगता येईनाशी होतात, हे १९८० च्या दशकातच दिसून आलेले आहे. याच्या उलट बाजूही लक्षात घ्यावी. जेथे डाग दिसतो तो प्रत्येक भाग भाषेसाठी अनिवार्य असतोच असे नाही. लक्ष देणे, शब्द मनात धरून ठेवणे अशा कामांमुळेही डाग उमटतात.

बाजू ठरवताना मात्र डागाच्या आकाराचा हा गोंधळ बराच निवळतो, कारण आपण डावी आणि उजवी यांची तुलना करत असतो. दोन्हींतील फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागून लॅटरॅलिटी इंडेक्स काढतात. तो ०.२ पेक्षा जास्त असेल तर भाषा डावीकडे, उणे ०.२ पेक्षा कमी असेल तर उजवीकडे, आणि मधे असेल तर दोन्हीकडे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मेसिअल टेम्पोरल अपस्मारात (ज्यात फिटचा उगम टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला असतो) भाषेची बाजू ठरवण्यासाठी वाडा चाचणीऐवजी एफएमआरआयचा विचार करता येतो. आपल्या भावाचा विकार याच प्रकारात मोडतो असे आपल्या वर्णनावरून दिसते.

अहवाल हाती आला की त्यात दोन गोष्टी अवश्य पाहा. इंडेक्स कोणत्या भागाचा काढला आहे, पुढच्या फ्रंटल लोबचा की टेम्पोरलचा? आणि किती वेगवेगळ्या चाचण्यांवरून काढला आहे? मिलवॉकी येथील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की डाव्या टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर नावे आठवण्याची क्षमता कितपत घटेल, याचा अंदाज टेम्पोरल भागाच्या इंडेक्सवरून फ्रंटल भागापेक्षा अधिक चांगला बांधता येतो. नुसते ‘भाषा डावीकडे’ एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा समजावा आणि तपशील मागून घ्यावा.

उत्तर: मानसचाचणी

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मेंदूविकारांत भाषा, स्मृती यांच्या चाचण्या घेते. वरील उत्तराशी मी सहमत आहे. चाचणी घेणाऱ्याच्या बाजूचे सांगते.

आधी हाताविषयी. अर्जावरील ‘उजवा हात’ ही नोंद कृपया दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे अनेक घरांत डावखुऱ्या मुलांना जेवण्या-लिहिण्यासाठी उजवा हात वापरायला लावत असत, त्यामुळे मी रुग्णाला लिहिण्याविषयी शेवटी विचारते. आधी दात कोणत्या हाताने घासता, कात्री कोणत्या हातात धरता, काडेपेटीतील काडी कोणत्या हाताने ओढता, हे विचारते. मॉन्ट्रियल येथील रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये वाडा चाचणीचे जे निष्कर्ष मांडले, त्यांत लहानपणी मेंदूच्या डाव्या बाजूस इजा न झालेल्या उजव्या हाताच्या ९६ टक्के रुग्णांत भाषा डावीकडे होती. डावखुऱ्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्के होते; उरलेल्यांपैकी निम्म्यांत ती उजवीकडे आणि निम्म्यांत दोन्हीकडे होती. म्हणजे आपल्या दादाची भाषा डावीकडे असण्याची शक्यता अजूनही मोठी आहे, पण ती गृहीत धरण्याजोगी नाही. शिवाय लहान वयात डाव्या बाजूला इजा झाली तर हात आणि भाषा दोन्ही उजव्या अर्धगोलाकडे सरकू शकतात. तापातली ती लांबलेली फिट कोणत्या वयात आली आणि तो डावा हात वापरतो हे त्याआधी घरच्यांच्या लक्षात आले होते का, आणि घरात आणखी कोणी डावखुरे आहे का, हे आईला विचारून लिहून न्या.

दुसरी एक खूण आपण स्वतःच लिहिली आहे. भानावर आल्यावरही काही मिनिटे शब्द न सापडणे हे, फिट भाषा सांभाळणाऱ्या बाजूने आली असावी, असे सुचवणारे लक्षण आहे. हे आपण डॉक्टरांना याच शब्दांत सांगितले नसेल तर सांगा. फिटनंतर लगेच घरातील एखादी ओळखीची वस्तू दाखवून तिचे नाव विचारायचे आणि बरोबर उत्तर यायला किती वेळ लागला हे नोंदवायचे. मोबाईलवर चित्रण केले तर उत्तमच.

आता भाषेविषयी. चाचणी मराठीतच व्हायला हवी. ज्या भाषेत माणूस विचार करतो, भांडतो आणि देवाचे नाव घेतो, ती भाषा तपासायची असते. परक्या भाषेत शब्द शोधण्याचे कष्ट पडले की लक्ष आणि प्रयत्न यांचेच डाग जास्त उमटतात. मात्र इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतर करूनही भागत नाही. इंग्रजीत एक अक्षर देऊन त्यापासून सुरू होणारे शब्द विचारतात. मराठीत ‘क’ दिल्यावर ‘काका’ आणि ‘किल्ली’ चालतील की केवळ ‘कमळ’ आणि ‘करवत’, हे आधी ठरवून रुग्णाला सांगावे लागते. नाहीतर तो यंत्रात पडल्या पडल्या नियमांचाच विचार करत राहतो. नामावरून क्रियापद सुचवण्याची चाचणी मराठीत चांगली चालते: ‘पोळी’ म्हटले की लाटणे, भाजणे, खाणे. टेम्पोरल लोबसाठी मला वर्णनावरून नाव ओळखण्याची चाचणी अधिक महत्त्वाची वाटते. ‘पावसात डोक्यावर धरतात ती’ असे कानावर पडले की रुग्णाने मनातल्या मनात ‘छत्री’ म्हणायचे. ऐकणे, अर्थ लावणे आणि नाव काढणे या तिन्ही पायऱ्या तीत येतात, आणि आपल्या दादाला ज्याची भीती वाटते तेच काम तीत तपासले जाते.

मनातल्या मनात, हे महत्त्वाचे आहे. मोठ्याने बोलल्यास जबडा आणि डोके हलते व चित्रे बिघडतात, म्हणून बहुतेक चाचण्या मूकपणे घेतात. पण मग रुग्णाने खरोखर शब्द शोधले की तो आवाजाने कंटाळून गप्प पडून राहिला, हे बाहेर कळत नाही. यासाठी यंत्रात जाण्याआधी खुर्चीवर बसवून पूर्ण सराव करून घ्यावा, तेव्हा उत्तरे मोठ्याने बोलायला लावावीत, आणि नंतर यंत्रात मधूनमधून बटण दाबून उत्तर देण्याची एखादी चाचणी ठेवावी. सराव न घेता थेट आत पाठवले जात असेल तर थांबून विचारायला संकोच करू नका.

तपासणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी फिट आली तर ते तंत्रज्ञाला नक्की सांगा. फिटनंतर काही काळ त्या बाजूचा प्रतिसाद मंदावतो आणि डावीकडची भाषा उजवीकडे असल्यासारखी दिसण्याचा धोका असतो. अशा वेळी तारीख पुढे ढकलणेच योग्य. फिटसाठीचे टोपिरामेट चालू असेल तर तेही सांगा, कारण त्या औषधाने काहींना शब्द सुचायला जड जाते. औषध मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नका.

वाडा चाचणी जुन वाडा यांनी १९४९ च्या सुमारास जपानमध्ये सुरू केली. जांघेतील रक्तवाहिनीतून नळी मानेतील रोहिणीपर्यंत नेतात आणि अमोबार्बिटल देऊन मेंदूचा एक अर्धगोल काही मिनिटे निष्क्रिय करतात. विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो, आणि तेवढ्या वेळात वस्तू दाखवून नावे विचारतात. हे औषध सहज मिळत नसल्याने अनेक ठिकाणी दुसरी औषधे वापरतात. रक्तवाहिनीत नळी घालण्याचे धोके, क्वचित पक्षाघातासह, तीत असतात, म्हणून एफएमआरआयचे उत्तर स्पष्ट असेल तर बहुतेक ठिकाणी ती आता टाळतात. भाषा दोन्हीकडे दिसली, दोन चाचण्यांची उत्तरे परस्परविरोधी आली, किंवा स्मरणशक्तीविषयी मोठी शंका उरली, तर ती अजूनही उपयोगाची आहे.

उत्तर: कात्रजकर_भुसार

माझी डाव्या बाजूची हीच शस्त्रक्रिया झालेली आहे. मार्केट यार्डात आमचा भुसार मालाचा गाळा आहे आणि माझे काम दिवसभर माणसांशी बोलण्याचे आहे, म्हणून आपल्या बंधूंची भीती मला अगदी जवळची वाटली.

माझ्या एफएमआरआयमध्ये भाषा स्पष्टपणे डावीकडे दिसली होती. त्यामुळे नावे आठवायला त्रास होऊ शकेल, असे सर्जनांनी शस्त्रक्रियेआधीच आम्हा पतिपत्नींना समोर बसवून सांगितले, आणि तसेच झाले. घरी आल्यावर बोलणे, वाचणे, हिशेब, वाद घालणे, सगळे पूर्वीसारखे होते. पण समोर आलेल्या जुन्या गिऱ्हाइकाचे गाव, त्याच्या मुलीचे लग्न कुठे झाले, मागच्या खेपेला त्याने किती पोती तूर नेली, हे सारे आठवे आणि त्याचे नाव तेवढे येत नसे. तूर, मसूर, उडीद यांची नावे क्वचितच अडत. माणसांची आणि गावांची अडत. काही महिन्यांत पुष्कळ सुधारणा झाली, पूर्ण भरून आले असे म्हणणार नाही. मी वहीत नावे लिहून ठेवतो आणि सकाळी गाळा उघडण्याआधी त्या दिवशी येणाऱ्यांची पाने वाचतो.

फिट थांबल्या आहेत, गोळ्या चालू आहेत. पुन्हा निवड करायची झाली तर मी शस्त्रक्रियाच निवडीन, पण हे आधी सांगितले गेले होते म्हणूनच मला ते सोसले. दुसऱ्या एका परिचिताला, अन्यत्र, ‘रिपोर्ट चांगला आहे, भाषेला काही होणार नाही’ एवढेच सांगितले होते आणि पुढे त्याला जो धक्का बसला तो मी पाहिला आहे. आपण नावांविषयीचा प्रश्न याच शब्दांत सर्जनांना विचारा.

पुन्हा प्रश्न: नादब्रह्म_पुणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले: तापातली फिट दीड वर्षाचा असताना आली, आणि त्याआधीचे हाताचे तिला सांगता येत नाही, मात्र आमचे आजोबा डावखुरे होते. आणखी दोन शंका आहेत. दादाला शेकडो अभंग, आर्या आणि साक्या पाठ आहेत. त्या जातील का? आणि भाषा डावीकडेच निघाली तर शस्त्रक्रिया रद्द होते का?

उत्तर: मानसचाचणी

आजोबांची माहिती उपयोगी आहे. डावखुरेपणा घराण्यातला असण्याची शक्यता तिने वाढते. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

पाठांतराविषयी. भाषेचा एफएमआरआय स्मरणशक्तीचे उत्तर देत नाही. अप्रत्यक्ष अंदाज तेवढा देतो. डाव्या हिप्पोकॅम्पसवर मुख्यतः नवे शाब्दिक ज्ञान साठवण्याची जबाबदारी असते: आज ऐकलेली गोष्ट उद्या सांगणे, नवे पद पाठ करणे. वर्षानुवर्षे म्हटलेले अभंग त्यामानाने पुष्कळ सुरक्षित असतात, विशेषतः चालीसह म्हटलेले. नवे आख्यान बसवायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त आवर्तने लागू शकतात. येथे आपल्या बाजूची एक गोष्ट आहे: हिप्पोकॅम्पस आधीच आकसलेला असेल आणि शाब्दिक स्मृतीचे गुण आताच कमी असतील, तर शस्त्रक्रियेने होणारी घट सहसा कमी असते, कारण त्या भागाचे काम आधीच मंदावलेले असते. सर्वांत मोठी घट त्यांच्यात दिसते ज्यांचा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये निरोगी दिसतो आणि गुणही उत्तम असतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची स्मृतिचाचणी एफएमआरआयइतकीच महत्त्वाची आहे. कीर्तनकाराची शाब्दिक स्मृती मुळात सरासरीपेक्षा बरीच वर असते, तेव्हा ‘गुण सर्वसाधारण’ असा शेरा आला तरी तो त्याच्यासाठी घट दाखवणारा असू शकतो. त्याचा व्यवसाय चाचणी घेणाऱ्याला आवर्जून सांगा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर, नाही. भाषा डावीकडे असणे हेच बहुसंख्य माणसांचे चित्र आहे, आणि डाव्या बाजूच्या शस्त्रक्रिया त्यांच्यावरच होतात. त्यामुळे बेत बदलतो: प्रबळ बाजूला, म्हणजे भाषा सांभाळणाऱ्या बाजूला, टेम्पोरल लोबचा पुढचा भाग कमी लांबीचा, साधारण साडेतीन ते साडेचार सेंटीमीटर, काढतात, किंवा बाहेरचा भाग राखून मुख्यतः हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला अमिग्डाला हा भागच काढतात. उगम भाषेच्या भागाला भिडलेला असल्याची शंका असेल तर रुग्णाला जागे ठेवून किंवा आधी इलेक्ट्रोड बसवून विजेच्या सौम्य प्रवाहाने एकेक जागा तपासतात. प्रवाह चालू असताना नाव अडले की ती जागा राखायची. कोणती जागा अनिवार्य आहे हे ठरवण्यात आजही यालाच निर्णायक मानतात, कारण एफएमआरआय कोण कामाला लागले ते दाखवतो आणि प्रवाह दिल्यावर कोणावाचून अडते ते कळते. हिप्पोकॅम्पसच आकसलेला असेल तर बहुतेकदा इतके करावे लागत नाही.

शस्त्रक्रिया न करण्यालाही किंमत आहे. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षाअखेरीस भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते. चालू राहिलेल्या फिटही स्मृतीवर परिणाम करतातच.

निर्णयाविषयी मन ठरत नसेल तर त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था, बंगळूरची निम्हान्स किंवा दिल्लीची एम्स येथे दुसरे मत घेता येते. जाताना व्हिडिओ ईईजी आणि एमआरआयचे केवळ अहवाल न नेता मूळ चित्रांच्या सीडी न्या.

उत्तर: प्रतिमा_विभाग

एक पुरवणी. एफएमआरआयच्याच वेळी तंतुमार्गांचे चित्रण, म्हणजे डीटीआय, करून मिळते का ते विचारा. त्यात दृष्टीच्या तंतूंचा जो फास टेम्पोरल लोबमधून वळसा घेतो तो दिसू शकतो. तो दुखावला तर समोरच्या दृश्याचा विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा दिसेनासा होतो. आणि तपासणीच्या दिवशी दादांना चष्मा असेल तर त्याचा नंबर आधीच कळवून ठेवा. धातूची चौकट आत नेता येत नाही, आणि पडद्यावरचे देवनागरी शब्द वाचताच आले नाहीत तर वाचनाची चाचणी वाया जाते. आमच्या विभागात नंबरानुसार प्लास्टिकचे चष्मे ठेवलेले असतात. तसे तेथे नसतील तर सर्व शब्द कानावर ऐकवून चाचणी घ्यायला सांगा.